म्हैसूरच्या गिरमिटाला काचेची पेटी नको

मी एक जुने गिरमिट आहे. लाकडाला भोक पाडणारे नव्हे, मित्रांनो. मी बर्फात शिरतो आणि पोटात बर्फाचा लांब दांडा घेऊन वर येतो. माझा जन्म म्हैसूरचा. तुम्ही हसाल. जिथे बर्फ फक्त सरबताच्या पेल्यात दिसतो, तिथे असले गिरमिट कशाला, असे तेव्हाही सगळे म्हणत होते. हसा खुशाल. मला सवय आहे.

म्हैसूरच्या अग्रहार भागात गंगाधररावांचे लेथचे छोटे वर्कशॉप आहे. त्यांची पुतणी वनजा हिमनद्यांचा अभ्यास करते. हिमनदी म्हणजे डोंगरावरून सावकाश खाली सरकणारा बर्फाचा जाड थर. दर वर्षीचे हिम त्यात साचते आणि त्याबरोबर त्या वर्षाची हवा, धूळ, काजळीही अडकते. तो बर्फ खोलवरून उभा कापून काढला, की जुने हवामान कसे होते ते कळते. वनजाच्या संस्थेकडे त्यासाठी मोटारीचे परदेशी यंत्र होते, पण ते फार जड. तिला पाठीवर नेता येईल असे काहीतरी हवे होते.

"काका, हाताने फिरवायचं गिरमिट करून द्याल?" तिने विचारले.

"अय्यो, मी बर्फ बघितलाय कुठं? पण कापायचंच ना? सरी, ठीक आहे, करूया की."

काकांनी पोलादी नळी घेतली, तिच्या अंगावर चुरा वर येण्यासाठी वळणदार पट्टी बसवली आणि तोंडाशी तिरपे दात लावले. चाचणी झाली शहरातल्या बर्फाच्या कारखान्यात. पहिल्याच फेऱ्यात लादी दुभंगली आणि कामगार पोट धरून हसले. काका उकिडवे बसले, माझ्या दातांवरून अंगठा फिरवला.

"दात फार उभे झालेत. हावरट आहे, एकदम मोठा घास घेतंय."

त्यांनी दात पुन्हा घासले. या वेळी मी सरळ आत गेलो आणि पांढराशुभ्र दांडा घेऊन वर आलो. "आयतु!" काका ओरडले. झाले एकदाचे! तो गार दांडा त्यांनी छातीशीच धरला.

मग उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर जायचे ठरले. संस्थेचे प्रमुख विजयेंद्र सर मला पाहून म्हणाले, "वनजा, ही सरबतवाल्याची वस्तू कशाला?"

"माझ्या वाट्याच्या सामानात बसते, सर. मी कपडे कमी नेते."

तिकडे त्या वसंतात हिमाऐवजी पाऊस पडला. पाणी बर्फात मुरले. मोटारीचे यंत्र त्या ओल्या बर्फात रुतले, भोवती पाणी गोठले आणि मोटार जळून गेली. तेव्हा वनजा मला पाठीवर घेऊन हिमनदीच्या वरच्या अंगाला चढली. सर मागून आले. मी कापत गेलो. वरचे तुकडे काचेसारखे आरपार दिसणारे निघाले. तिथले हिम उन्हाळ्यांत वितळून पुन्हा गोठले होते. खोल गेल्यावर मात्र हवेच्या बुडबुड्यांनी भरलेला दुधाळ बर्फ लागला. वनजाला तोच हवा होता. आणि नेमका तिथे मी अडकलो. वरून झिरपलेले पाणी माझ्याभोवती आवळून बसले.

समुद्राकडून धुके चढू लागले. अस्वलांवर नजर ठेवणारा बंदूकधारी रखवालदार परत फिरा म्हणून खुणा करू लागला.

"सोड ते," सर म्हणाले. "लोखंड आहे. दुसरं करता येईल."

"गिरमिट दुसरं होईल, सर. त्याच्या पोटातला बर्फ दुसरा कुठून आणू? इथं पाऊस पडायला लागलाय. पुढच्या वर्षी यातलं काय उरेल?"

बर्फ सुटावा म्हणून तिने भोकात स्पिरिट ओतले आणि माझा फिरवायचा आडवा दांडा धरून सगळा जोर लावला. मी हललो नाही. सरांनी एकदा धुक्याकडे पाहिले, मग दांड्याचे दुसरे टोक पकडले.

"बेडा, नको म्हटलं तरी ऐकणार नाहीस. फिरव!"

कडाड असा आवाज झाला. माझा एक दात मोडला, पण मी वर आलो. पोटातल्या दुधाळ बर्फात एक बारीक काळी रेघ होती.

"काजळी?" सरांनी गुडघे टेकत विचारले.

"राख असेल, सर. ज्वालामुखीची." वनजा म्हणाली. अशा राखेवरून तो थर कोणत्या वर्षाचा ते ठरवता येते.

परतल्यावर माझे खूप कौतुक झाले. सर स्वतः सगळ्यांना ही गोष्ट सांगत. पुढे बॅटरीवरचे नवे यंत्र आले आणि मी मोडक्या खुर्च्यांखाली गेलो. दात तसाच मोडका राहिला, सांध्यांत गंज शिरला. मग ऑफिसात कुणाला तरी सुचले, याला सोनेरी रंग देऊन दाराशी काचेच्या पेटीत ठेवू. पेंटर ब्रश बुडवतच होता, तोच शहराबाहेरच्या बोगादीहून स्कूटरवर वनजा आली.

"रंग लावू नका."

"मॅडम, मान आहे तो," मॅनेजर म्हणाले.

"मान नको. हे हिमाचलातल्या स्पितीच्या हिमनदीवर न्यायचंय. तिथल्या चढावर नवं यंत्र पोचत नाही."

मॅनेजर सरांकडे पाहू लागले. सर हसले. "देऊन टाका. मी अडवून बघितलंय हिला."

वनजा मला काकांकडे घेऊन गेली, तो आयुधपूजेचा दिवस होता. वर्कशॉपात सगळी यंत्रे कुंकू आणि झेंडूने सजली होती. काकांना आता नीट दिसत नाही. हातात हार घेऊन त्यांनी मला चाचपले, मोडक्या दाताशी बोट थांबले आणि त्यांनी हार बाजूला ठेवला.

"काका, आज हत्यार चालवत नाहीत."

"चामुंडीदेवीला मी सांगतो. दात नसलेल्याला हार घालून काय करू?"

आणि त्यांनी ग्राइंडर सुरू केला.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादे जुने हत्यार पडले असेल. त्याला शोभेला ठेवू नका. गंज पुसा, तेल द्या, धार लावा आणि कामाला न्या. आम्हाला कामच जगवते. हिमनद्या आक्रसत वरवर चालल्या आहेत, म्हणे. जाऊ देत. त्या जितक्या वर जातील तितका मी चढेन, आणि त्या वितळून मुक्या होण्याआधी त्यांच्या पोटातले बोलणे खाली घेऊन येईन. मला जुने म्हणा, लोखंड म्हणा. मी निघालो आहे.