सॅम्पलचा पाय

माझ्या भावाच्या जिभेला हाड नाही. बुटांच्या दुकानात ते खपूनही जातं. गिऱ्हाईक हसतं आणि एकाऐवजी दोन जोड घेऊन जातं. मी गल्ल्यावर बसते, त्यामुळे त्याचे सगळे विनोद मला पाठ आहेत.

लहान मुलांच्या बुटांची सॅम्पलं कायम एकाच मापाची येतात. भावाच्या मुलीचा पाय नेमका त्या मापाचा. म्हणून सुट्टीच्या दिवशी तो तिला दुकानात आणायचा, एकेक नवा जोड घालून चालायला लावायचा आणि मग कुठला मागवायचा ते ठरवायचा. एरवी तो घरी पोचेपर्यंत ती झोपलेली असायची. बाप तिच्या वाट्याला यायचा तो एवढाच. ती ऐटीत निकाल द्यायची, "बाबा, हा टाचेला चावतो. नको." पसंत पडलेला जोड तिलाच मिळायचा, शाळेला घालायला.

एकदा तो म्हणाला, "पाय वाढला की नोकरी गेली हं तुझी! मग तुझ्या धाकट्या भावाला ठेवणार कामावर." आम्ही दोघंही खो खो हसलो. ती हसली नव्हती, हे मला आत्ता आठवतं.

पुढे तिचे पाय दुखायला लागले. शाळेतून आली की पोटऱ्या धरून बसायची. वहिनी तेल चोळायची. "वाढीचं दुखणं आहे, हाडं ताणतायत," असं जो तो म्हणायचा, मीसुद्धा. भाऊ तिच्या बुटाच्या टोकावर अंगठा दाबून बघायचा आणि सांगायचा, "भरपूर जागा आहे."

मग ती चक्क लंगडायला लागली. मला राहवेना. सुट्टीच्या दिवशी तिला दुकानातल्याच बाकावर बसवून मी मोजे काढले. दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी पडली होती आणि बोटांवर घट्टे आले होते.

भावानं तिला मापाच्या पट्टीवर उभं केलं. "बोटं सरळ सोड." ती सोडेना. त्यानं हातानं एकेक बोट सरळ केलं, तर पाय सॅम्पलच्या पुढे दोन नंबर गेला. बाबांचा अंगठा बुटावर आला की बाईसाहेब आत बोटं मुडपून घेत होत्या! आवडलेल्या बुटासाठी हट्टी पोरं हेच करतात आणि त्यांना माझा भाऊ हमखास पकडतो. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

"अगं, सांगायचं ना मला!" तो म्हणाला.

"आता धाकट्याला आणणार?" तिनं विचारलं.

"वेडाबाई, थट्टा होती ती. तूच ये. दर सुट्टीला ये."

"पण मी इथं करू काय? सॅम्पल तर मला होत नाही."

माझा भाऊ तिचा पाय मांडीवर घेऊन एकेक बोट चोळत बसला. ती थट्टा परत घेता आली असती, तर त्यानं दुकान विकलं असतं.

तिची नखं नवी आली. बूटही आता मापाचे असतात. पण अजून त्यानं अंगठा दाबायला हात पुढे केला, की ती पाय मागे घेते आणि घाईघाईनं म्हणते, "होतोय बाबा, नीट होतोय."