डेगेवरचे नाव

मित्रांनो, माझ्या अंगावर दोन नावे आहेत. एक खरवडून काढलेले आणि एक नवे कोरलेले. मी सोनगीरची पितळी डेग आहे. तीनशे पानांचे वरण एका वेळी माझ्या पोटात शिजते. भांड्यांच्या मानाने मी काही फार म्हातारी नाही, पण मी एक खटला पाहिला आहे, आणि खटला पाहिलेले भांडे लवकर जुने होते.

सोनगीरच्या किल्ल्याखाली तांबटांच्या आळीत मी घडले. ठोके खाल्ल्याशिवाय आमच्यात कोणी मोठे होत नाही, म्हणून त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला घडवून घेतले मगनभाऊंनी. जवळच्याच एका खेड्यातले हे शेतकरी. पंचक्रोशीत कुठे पंगत असली की चुलीपाशी उभे राहणारे तेच, आणि तीच कला त्यांनी आपल्या एकुलत्या एका मुलीला, प्रमिलाला शिकवली होती. तिच्या लग्नात आंदण म्हणून द्यायला त्यांनी मला करवून घेतले. रोज येऊन ते माझ्या काठावरून बोट फिरवायचे आणि तांबटाला कुठे धार राहिली ते दाखवायचे. मला ते बोट आवडायचे.

मग आला नाव घालायचा दिवस. आमच्याकडे आंदणाच्या भांड्यावर नाव कोरतात. नथ्थू नावाचा कारागीर छिन्नी-हातोडी घेऊन बसला. त्याने विचारले, "मगनभाऊ, पोरनं नाव टाकू ना?"

मगनभाऊ म्हणाले, "नही रे. याहीसनं टाक. त्यासना मान ऱ्हाई, मनी पोरले घरमा सुख लागी."

नथ्थूने खांदे उडवले आणि टिकटिक करत व्याह्यांचे नाव कोरले: श्री. शालिग्राम तोताराम, सन १९८१. मला तेव्हा त्यात काहीच वावगे वाटले नाही. उलट नाव मिळाले म्हणून मी मिरवतच लग्नमांडवात गेले.

प्रमिलाचे सासर धुळ्याच्या बाजूला. सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. मांडवात मला पाहून आबा खूप खूश झाले. स्वतःच्या नावावरून त्यांनी हात फिरवला आणि भरल्या पंगतीत हसत म्हणाले, "नाव मनं शे, पन डेग मनी सूननी शे. बठ्ठासनी ध्यानमा ठेवा." लोक हसले, टाळ्या वाजल्या. मित्रांनो, लोक हसून जे ऐकतात ते लवकर विसरतात.

त्यानंतरची सात वर्षे माझी सुखाची. गावात लग्न, बारसे, जाऊळ काहीही असो, चार माणसे बांबू घालून मला उचलून नेत आणि मागोमाग प्रमिला पदर खोचून येई. वरण, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, वांगी! तिच्या हातचे खाऊन माणसे पानावरून उठायला तयार नसत. दर दिवाळीआधी ती कल्हईवाल्याला बोलावी, समोर बसून माझ्या आत कथील फिरवून घेई आणि त्यात स्वतःचे तोंड दिसेपर्यंत त्याला सोडत नसे. पितळेला कल्हई नसेल तर अन्न कळकते, कडू-हिरवे होते, हे ती लहान सुनांना समजावून सांगे. सगळीकडे माझे कौतुक होई. मी शेफारले होते, हे कबूल करते.

मग तिचा नवरा अभिमन काविळीने गेला. मूलबाळ नव्हते. वडील मगनभाऊही त्याच वर्षी वारले. वर्षभराने प्रमिला धुळ्याला एक खोली घेऊन राहू लागली. लग्नांची जेवणे करून ती पोट भरणार होती. आपले सामान न्यायला ती घरी आली, तेव्हा तिचा दीर हिलाल माझ्यापुढे उभा राहिला. डेग त्याने नेऊ दिली नाही.

हिलाल वाईट नव्हता, हे मला सांगितलेच पाहिजे. लग्नात तो शाळकरी पोर होता. तेव्हापासून त्याने माझ्यावर बापाचेच नाव वाचले होते. वहिनी बापाची वस्तू नेते आहे असेच त्याला मनापासून वाटत होते. त्यातून दोघांत बोलाचाली झाली, भाऊबंद मध्ये पडले, आणि प्रमिलाने धुळ्याच्या कोर्टात आपल्या आंदणाचा दावा लावला.

तिच्यासाठी मी केवढी होते ते तुम्हाला कळावे म्हणून सांगते. घरची डेग असली तर तिला लोक आचारी म्हणून बोलावणार होते. नसली तर तिने दुसऱ्या कोणाच्या हाताखाली पुऱ्या लाटत बसायचे. बाकी पलंग, कपाट हिलालने देऊ केले होते. तंटा उरला होता तो माझ्यावरून.

दोन वर्षांनी हा दावा लोकन्यायालयात आला. कोर्टाच्या आवारात मांडव घातला होता. एकेका टेबलामागे पंच, पुढे माणसांची ही गर्दी. कोणाचा बांध, कोणाची भिंत, कोणाची विहिरीवरची पाळी. मला मॅटाडोरमधून आणून टेबलाशेजारी जमिनीवर ठेवले होते. इतक्या माणसांत माझ्याखाली चूल नाही, असा तो पहिलाच दिवस.

मधले पंच निवृत्त न्यायाधीश होते. आवाज मायाळू. त्यांनी चष्मा लावून माझ्यावरचे नाव मोठ्याने वाचले. "प्रमिलाबाई, ही डेग तुमच्या वडिलांनी घेतली याची पावती आहे?"

"पावती कशाची साहेब? तांबटाले शब्दवर सांगेल व्हतं."

"नाव कोरणारा कोणी?"

"नथ्थूबाबा. तो बी वारना."

साहेबांनी मान हलवली. मग ते आबांकडे वळले. "आबा, तुम्ही घरातले वडीलधारे. नावही तुमचेच आहे. ही डेग कोणाची, तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल ते दोघेही मानतील."

मित्रांनो, लग्नातले आबांचे बोल लोक केव्हाच विसरले होते. कोर्टाच्या मांडवात खरे ठाऊक असलेले आम्ही तिघेच होतो. प्रमिलाचे कोणी मानत नव्हते, मला बोलता येत नव्हते, आणि राहिले आबा. माझा जीव काठाशी आला. आबांनी माझ्याकडे पाहिले. मग शेजारी उभ्या हिलालकडे पाहिले. म्हातारपणाची भाकर त्याच्याच घरी होती.

"लिखेल शे तेच खरं, सायेब," आबा म्हणाले आणि खाली बघू लागले.

साहेबांनी प्रमिलाला समजावले. पुरावा नाही, वर्षे जातील, बाकीचे सामान मिळते आहे ते घ्यावे. तिने तडजोडीच्या कागदावर सही केली. लोकन्यायालयात मिटलेला तंटा पुन्हा उकरता येत नाही, हेही तिला वाचून दाखवले. जाताना ती रडली नाही, भांडलीही नाही. आबांपाशी थांबून एवढेच बोलली, "कल्हई करी ल्या आबा. नहीते वरण कळकी जाई."

कल्हई कोणी केली नाही. घरात पंगतीचा स्वयंपाक येणारे कोणी नव्हते. मला गोठ्यात ठेवले. माझ्यात म्हशींची सरकी भिजू लागली. आतून कथील उडाले, हिरवट थर चढला. मला माझीच लाज वाटे. आबा मात्र रोज गोठ्यात येऊन माझ्यासमोर बसत. मला त्यांचा रागच होता, म्हणून मी त्यांच्याकडे लक्ष देत नसे.

असे दोन उन्हाळे गेले. एके दुपारी ते कानस घेऊन आले आणि स्वतःचे नाव घासू लागले. डोळ्यांत मोतीबिंदू. कधी नावावर कानस चाले, कधी भलतीकडेच. मला दुखत होते, पण त्यांनी थांबू नये असे वाटत होते. तेवढ्यात हिलाल शेतातून परत आला.

"काय करी राह्यनात आबा?"

"खोटं काढी राह्यनू," आबा म्हणाले. "मगननी मना मानकरता नाव टाकं व्हतं. डेग तिनी शे. मी कोर्टमा खोटं बोलनू."

हिलालने विचारले, "तव्हय का बरं नही सांगं?"

"तू बाजूले उभा व्हता ना," आबा म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी हिलालने मला टेम्पोत घालून धुळ्याला नेले. प्रमिलाच्या खोलीला कुलूप होते. शेजारीण म्हणाली, "ती ते सुरतले गयी. दोन महिना व्हयनात. कोना तरी खानावळमा पोळ्या लाटस." पत्ता तिच्यापाशी नव्हता. परतताना हिलालने भांडीबाजारात मला उतरवले आणि खरवडलेल्या जागेखाली नवे नाव कोरून घेतले: प्रमिलाबाई मगन. त्यानंतर दोनदा तो सुरतेला जाऊन आला. शहर मोठे आहे.

आबा आता नाहीत. मी गोठ्यातून घरात आले आहे. गावात लग्न निघाले की लोक मला मागायला येतात. हिलाल म्हणतो, "डेग मनी नही. जिनी शे ती सुरतले शे." लोकांना तो विक्षिप्त वाटतो.

मित्रांनो, वस्तू ज्याला द्याल त्याचेच नाव तिच्यावर घाला, मान द्यायच्या दुसऱ्या पुष्कळ रीती आहेत. आणि खरे ठाऊक असेल तर ज्या दिवशी विचारतील त्याच दिवशी सांगा, शेजारी कोणीही उभे असो. आबांनीही सांगितले होते, पण ऐकायला जी हवी होती ती तोवर निघून गेली होती.

तुमच्यापैकी कोणाची आत्या, मावशी सुरतेला असेल. तिथल्या एखाद्या खानावळीत पोळ्या लाटणारी, वरण चाखल्याशिवाय वाढू न देणारी बाई तिला भेटली, तर एक निरोप द्या. डेग तिचीच आहे, हे तिला सांगायला नको, ते तिला पहिल्यापासून ठाऊक आहे. तिला एवढेच सांगा की दर दिवाळीला हिलाल समोर बसून कल्हई करून घेतो.