शाईखालचं दुकान

त्र्यंबक गायधनींचं दुकान नकाशावरून नाहीसं झालंय, हे ब्रुकफर्ड गावात सर्वांत आधी लक्षात आलं ते खुद्द त्र्यंबकरावांच्या. अमेरिकेत येण्याआधी आठ वर्षं ते नागपूरला मोजणी खात्यात होते. नकाशा दिसला की आधी कोपऱ्यातलं प्रमाण वाचायचं, ही खोड काही सुटली नव्हती.

ब्रुकफर्ड म्हणजे न्यू जर्सीतलं लहानसं गाव, आयसेलिनहून गाडीने वीस मिनिटांवर. तिथल्या चेस्टनट स्ट्रीटच्या टोकाला गायधनींचं बावीस फूट रुंद दुकान होतं. डाव्या अर्ध्या भागात त्र्यंबकराव टीव्ही आणि व्हॅक्युम क्लीनर दुरुस्त करायचे. उजव्या अर्ध्या भागात त्यांच्या पत्नी सुलभाताई शिलाई मशीन घेऊन बसायच्या. अमेरिकनांच्या पँटी आखूड करायच्या आणि आयसेलिनच्या भारतीय बायकांचे ब्लाउज सैल करायच्या. खरेदीखतावर नावं दोघांची होती.

१९८७ सालच्या मार्चमध्ये रस्त्यावरच्या दुकानदारांनी ठरवलं की आपलं एक सुधारणा क्षेत्र करायचं. क्षेत्रातल्या प्रत्येक दुकानमालकाने वर्षाला ठरावीक पट्टी भरायची आणि त्यातून झाडलोट, कुंड्या, नवे दिवे, हिवाळ्यात बर्फ काढणं, असं सगळं करायचं. निम्म्या मालकांना ही कल्पना आवडली होती, उरलेल्या निम्म्यांना पट्टीचं नाव काढताच पोटात दुखत होतं. त्र्यंबकरावांना मात्र आत जायचंच होतं. दुकानदार दरवर्षी ख्रिसमसला रस्त्याचा फोटो काढून कॅलेंडर छापत, आणि गेली नऊ वर्षं तो फोटो बरोबर त्यांच्या भिंतीपाशी संपत होता.

बूटवाले लिओनार्ड हे समितीचे अध्यक्ष. त्यांनी गावाच्या सभागृहात नकाशा टांगला. जाड काळ्या मार्करने क्षेत्राची हद्द आखली होती. सगळे आपापलं दुकान शोधून मागे सरले. त्र्यंबकरावांनी खिशातून मोजपट्टी काढली.

"साहेब, एका इंचाला दोनशे फूट असं प्रमाण आहे," ते म्हणाले, "आणि तुमची रेषा इंचाचा आठवा भाग जाड आहे. म्हणजे जमिनीवर पंचवीस फूट. माझं दुकान बावीस फूट आहे. ते पूर्ण रेषेच्या खाली गेलंय. मी आत आहे की बाहेर?"

लिओनार्डनी चष्मा लावला, काढला, आणि समितीच्या वकील मिस ग्रेडी यांच्याकडे पाहिलं. मिस ग्रेडींनी कागद चाळले. "रेषेच्या आतल्यांना मत आहे," त्या गंभीरपणे म्हणाल्या, "आणि बाहेरच्या शेजाऱ्यांना हरकत घ्यायचा हक्क आहे. रेषेत राहणाऱ्यांबद्दल ठरावात काही नाही."

"मग मी कोण?"

"सध्या तुम्ही हद्द आहात, मिस्टर गॅडनी."

एप्रिलमध्ये नमुन्यादाखल महिनाभर काम चालवायचं ठरलं. रोज सकाळी झाडूवाला रस्ता झाडत यायचा, शेजारच्या पावाच्या दुकानाची भिंत संपली की झाडू खांद्यावर घ्यायचा आणि परत फिरायचा. त्र्यंबकरावांनी त्याला एकदा कॉफी देऊन विचारलं. तो ओशाळून म्हणाला, "वकीलबाईंनी सांगितलंय, रेषेवर पाय घसरला तर इन्शुरन्स मिळणार नाही."

"बरं झालं की," सुलभाताई म्हणाल्या. "पट्टी वाचली. मी झाडते दार."

"पट्टीचा प्रश्न नाही गं. माणूस कुठेतरी असायला नको का?"

कॉलेजातून सुट्टीवर आलेली त्यांची मुलगी दीपा म्हणाली, "बाबा, जस्ट लेट इट गो, प्लीज." पण ते ऐकणाऱ्यांतले नव्हते. ते लिओनार्डकडे गेले आणि बारीक रेषेचा नवा नकाशा मागितला. नकाशाला इंजिनियर लागणार होता. इंजिनियरला पैसे लागणार होते. पैसे पट्टीतून येणार होते, पट्टी क्षेत्र मंजूर झाल्यावर येणार होती, आणि नकाशाला हरकत असेपर्यंत क्षेत्र मंजूर होणार नव्हतं. हे सगळं सांगता सांगता लिओनार्डनाच घाम फुटला.

"मी काढून देतो," त्र्यंबकराव म्हणाले. "फुकट."

पुढचे तीन आठवडे गायधनींच्या जेवणाच्या टेबलावर कुणी जेवलं नाही. ताटं मांडीवर आली. त्र्यंबकरावांनी मोजणीची साखळी घेऊन सगळा रस्ता मोजला, फायर हायड्रंटपासून बँकेच्या पायरीपर्यंत, आणि बारीक निबने नकाशा उतरवायला घेतला. समितीशी ठरल्याप्रमाणे जुन्या जाड रेषेचा मध्य धरायचा होता. तो मध्य त्यांनी तीनदा काढला. तिन्ही वेळा तो त्यांच्याच दुकानाच्या बरोबर मधून गेला, टीव्ही आणि शिलाई मशीन यांच्यामधून, रस्त्यापासून थेट मागच्या भिंतीपर्यंत.

लिओनार्ड सहज आल्यासारखे आले आणि टेबलाशी वाकून त्र्यंबकरावांना हळूच म्हणाले, "ट्रिम, रेषा तुमच्या भिंतीपलीकडे टाका ना. कोण बघतंय?"

सुलभाताईंनाही तेच वाटत होतं, फक्त उलट्या दिशेने. "दोन बोटं इकडे सरकवलीत तर काय आभाळ कोसळणार आहे? होऊ द्या सगळं दुकान बाहेर."

"मध्य म्हणजे मध्य," त्र्यंबकराव म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच्या दुकानाचे दोन तुकडे केले. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या फरशीवर पिवळी चिकटपट्टीही लावली. टीव्हीची डावी बाजू क्षेत्रात आली, शिलाई मशीनची उजवी बाहेर राहिली. ज्याला जे हवं होतं ते त्याला मिळालं होतं.

जूनच्या सभेत मतदान झालं. दहा मालक बाजूने, दहा विरोधात. मिस ग्रेडींनी नवा नकाशा वर धरला.

"अर्धं दुकान, म्हणून अर्धं मत," त्या म्हणाल्या. "मिस्टर गॅडनी?"

त्र्यंबकराव उभे राहिले. नऊ वर्षांत पहिल्यांदाच सगळा रस्ता त्यांच्याकडे तोंड करून बसला होता. "गायधनी," त्यांनी आधी नाव दुरुस्त केलं, आणि मग म्हणाले, "माझं अर्धं, बाजूने."

साडेदहा विरुद्ध दहा. लिओनार्ड टाळ्या वाजवायला उठले, तेवढ्यात मिस ग्रेडींनी नियमाप्रमाणे विचारलं, "हद्दीबाहेरच्या कुणा लगतच्या मालकाची हरकत?"

"आहे," मागून आवाज आला. सुलभाताई पर्स छातीशी धरून उभ्या होत्या.

त्र्यंबकरावांनी मागे वळून डोळे वटारले. "अगं, काय करतेस?" ते मराठीत पुटपुटले.

"तुम्ही आतले, तुम्ही बोलू नका," सुलभाताई म्हणाल्या आणि इंग्रजीत सुरू झाल्या. "हे लोक माझ्या मिस्टरांच्या दारातला बर्फ काढणार आणि तो कुठे टाकणार? माझ्या दारात. माझी गिऱ्हाइकं म्हातारी असतात. मी बाहेर आहे, मी पट्टी भरणार नाही. पण माझ्या दारातला बर्फ काढणार, झाडू मारणार, असं लिहून द्या, तरच हरकत मागे घेते."

समिती शेजारच्या खोलीत गेली आणि पाच मिनिटांत परत आली. लिहून दिलं. कागदावर लिओनार्डनी सही केली, आणि सुलभाताईंनी तो घडी घालून पर्समध्ये ठेवला.

अशा रीतीने क्षेत्र झालं. त्र्यंबकराव अर्धी पट्टी भरू लागले आणि सुलभाताईंना सगळं फुकट मिळू लागलं. आठवडाभर ते बायकोशी तुटकच बोलले. पण दुकानात कुणी विचारलं की पिवळी पट्टी दाखवून सगळी हकीकत सांगायचे आणि तिच्या भाषणाशी येताच आवाज चढवायचे. मोठा सुस्कारा टाकून म्हणायचे, "मी एकटाच आत आहे हो."

ऑक्टोबरमध्ये नवे दिवे लागले. पहिल्याच आठवड्यात सुलभाताईंनी बाहेरची मालक म्हणून लेखी तक्रार दिली: क्षेत्राच्या दिव्याचा उजेड हद्द ओलांडून माझ्या मशीनवर पडतो, डोळे दिपतात आणि काळ्या कापडावर काळा दोरा दिसेनासा होतो. समितीने चर्चा करून ठरवलं की दिव्याला अर्धं झाकण बसवायचं आणि ते काम हद्दीची सर्वांत बारीक माहिती असलेल्या सभासदाने करायचं.

शनिवारी दुपारी त्र्यंबकराव शिडीवर चढले. हातात पत्र्याचा तुकडा, तोंडात दोन स्क्रू. खाली सुलभाताई फुटपाथवर उभ्या राहून बोट दाखवत होत्या.

"जरा डावीकडे. अहो, तुमच्या डावीकडे नाही, माझ्या!"


पावाच्या दुकानातून लिओनार्ड बाहेर आले आणि शिडी धरून उभे राहिले.