गाईचा डॉक्टर

ओरेन स्ट्राउडची गाय पहाटेपासून अडली होती, म्हणून सकाळी आठ वाजता जनावरांचे डॉक्टर पेटिट आले. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. स्नेक नदीकाठच्या त्या वस्तीत माणसासाठी डॉक्टर बोलावणं म्हणजे देवावर उघड अविश्वास, पण जनावराची गोष्ट वेगळी. कोणी आजारी पडला तर त्याने मंडळीतल्या जाणत्यांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असं बायबलात लिहिलंय, आणि तिथे गाईगुरांचा उल्लेख नाही. हा निवाडा तीन पिढ्यांपूर्वी झाला. तेव्हापासून वस्तीतली वासरं धडधाकट निघतात आणि टेकडीवरच्या कबरी आखूड असतात.

वासरू निघालं. डॉक्टर हात धुवायला स्वयंपाकघरात आले. तिथे शेगडीशेजारच्या खाटेवर ओरेनची नऊ वर्षांची एडा पडली होती. उशाला तिची आजी वर्लीन, आणि पायथ्याशी तेलाची बाटली घेऊन मंडळीचे पुढारी हॉलिस, ज्यांना सगळे हॉलिसबंधू म्हणत.

डॉक्टरांनी हात धुतले, पण पुसले नाहीत. ते पोरीचा श्वास ऐकत उभे राहिले. धावून आल्यासारखी ती खोल खोल श्वास घेत होती, आणि तिच्या तोंडाला पिकून गेलेल्या सफरचंदासारखा वास येत होता.

"पाणी फार पिते का हो ही?" त्यांनी वर्लीनला विचारलं.

"महिनाभर. बादलीच्या बादली. आणि वाळत चाललीय."

"ही साखर आहे, मधुमेह. कुत्र्यांनासुद्धा होते ती, आणि मी त्यांना इंजेक्शनं देऊन दहा-दहा वर्षं जगवतो. हिला आत्ता, या घटकेला, दवाखान्यात न्या. पंचवीस मिनिटांचा रस्ता आहे. संध्याकाळपर्यंत थांबलात तर उपयोग नाही."

"डॉक्टर, तुमचं काम गोठ्यात होतं," हॉलिसबंधू शांतपणे म्हणाले. "ते झालंय."

वर्लीन एकसष्ट वर्षांची. वस्तीची सुईण. दोनशेच्या वर पोरं तिच्या हातावर आलेली, आणि किती गेली ते तिने कधी मोजलं नव्हतं. या हॉलिसबंधूंसमोर तिने जन्मात आवाज चढवला नव्हता. आज चढवला.

"बंधू, तुमच्या डोळ्यांवर हा चष्मा कुणी चढवला? डोळ्यांना तेल का नाही लावलंत?"

"चष्मा म्हणजे औषध नव्हे, वर्लीनभगिनी."

"मग काय आहे? दागिना? शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता ना? प्रभूच्या माणसांतच होता. त्याला कुणी हाकलला नाही."

"होता. पण त्याने कुणाला गोळी दिली असं कुठे लिहिलंय का? दाखवा, मी आत्ता गाडी काढतो. जे लिहिलंय ते लिहिलंय. एकदा आपण आपल्या सोयीने वाचायला लागलो, की मग बाहेरच्या जगात आणि आपल्यात फरक काय उरला? हे तुम्ही मला शिकवायचं, की मी तुम्हाला?"

आणि हॉलिसबंधू लबाड नव्हते, हीच तर खरी पंचाईत. त्यांनी स्वतःची दोन मुलं टेकडीवर नेली होती. त्यांच्या आवाजात त्या दोघांचं वजन होतं, आणि त्यापुढे भल्याभल्यांची बोलती बंद होत असे.

तेवढ्यात ओरेन आला, कोपरापर्यंत रक्ताने माखलेला. डॉक्टरांनी त्यालाही तेच सांगितलं. तो ऐकत राहिला आणि मग भिंतीकडे बघत म्हणाला, "नाही."

"अरे, तुझी पोर आहे ती!" वर्लीन ओरडली.

"आणि रूथ माझी बायको नव्हती? आज हिला न्यायचं, तर पाच वर्षांपूर्वी तिला का नाही नेलं? सांग ना आई. तूच होतीस तिच्याजवळ. तूच म्हणालीस, प्रभूची इच्छा होती, कुणाच्या हातात काही नव्हतं. ते खरं होतं ना?"

 वर्लीनला उत्तर माहीत होतं, पण ते तोंडातून बाहेर काढायचं धैर्य तिला झालं नाही. ओरेन त्या एका वाक्याच्या आधारावर पाच वर्षं उभा होता. ते काढून घेतलं तर पोरगा कोसळेल, अशी तिची भीती. आईची माया कधी कधी असा घात करते.

ती अंगणात गेली. डॉक्टर गाडीजवळ घुटमळत होते. त्यांनी न बोलता आपला फोन तिच्या हातात दिला. तिने शेरीफच्या पोलीस कचेरीत फोन लावला. आपल्या वस्तीतल्या कुठल्या बाईने असं केल्याचं तिच्या ऐकिवात नव्हतं.

"माझी नात मरतेय. बाप दवाखान्यात नेत नाही. तुम्ही या आणि तिला उचलून न्या."

पलीकडच्या माणसाने नाव विचारलं, तिने सांगितलं.

"वर्लीन स्ट्राउड? मागच्या हिवाळ्यात राजधानीत समितीपुढे बोललेल्या त्या तुम्हीच का?"

ती हीच वर्लीन. सरकार कायदा बदलायला निघालं होतं. प्रार्थनेवर भरवसा ठेवून मुलांना दवाखान्यात न नेणाऱ्या आईबापांना शिक्षेतून असलेली सूट काढून घ्यायची होती. मंडळीने वर्लीनला पुढे केलं. वर्लीनने डोक्याला रुमाल बांधून, माइकसमोर उभं राहून सांगितलं, "माझी सून माझ्या हातांवर गेली, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. आमचा देव आणि आमचं लेकरू यांच्यामध्ये सरकारने येऊ नये." समितीतली दोन माणसं रडली होती. सूट कायम राहिली, आणि परतताना बसमध्ये सगळ्यांनी गाणी म्हटली.

"बाई, त्या दिवशी समितीच्या दारावर माझीच ड्यूटी होती," तो माणूस म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "बाप प्रार्थना करतोय म्हणजे कायद्याने तो हयगय करत नाहीये. मी पोरीला हात लावू शकत नाही. न्यायाधीशांचा हुकूम मिळतो का बघतो, पण ते दुपारपर्यंत कोर्टात बसलेत. तोवर बापाचं मन वळवा."

"दुपारपर्यंत ती राहील का?"

"तुम्ही सुईण आहात. माझ्यापेक्षा तुम्हाला कळतं."

वर्लीन आत आली. मंडळीतले बाकीचे जाणते जमले होते. सहा जणांचे बारा हात पोरीच्या अंगावर होते, तिचा नुसता चेहरा दिसत होता. वर्लीन एका कोपऱ्यात उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिला त्या हातांचा संताप आला. प्रार्थना मनापासून चालली होती. हॉलिसबंधूंच्या गालांवरून पाणी वाहत होतं. माणसं वाईट असती तर तिने त्यांना झाडू घेऊन बाहेर काढलं असतं.

अकराच्या सुमारास एडाने डोळे उघडले आणि विचारलं, "पप्पा, वासरू उभं राहिलं?"

"राहिलं गं."

"मला का नाही राहता येत?"

एवढंच बोलून तिने पुन्हा डोळे मिटले. नंतर हाक मारली तरी हलेना.

ओरेन उठला. त्याने ते बारा हात बाजूला सारले, पोरीला रजईसकट उचललं आणि म्हणाला, "आई, गाडी काढ."

हॉलिसबंधू अंगणापर्यंत आले. "ओरेन, तू तिला प्रभूच्या हातातून काढून नेतोयस. आता जे होईल ते तुझ्यावर."

ओरेनने गाडीत बसून दार ओढून घेतलं. वर्लीनने जुना पिकअप कच्च्या रस्त्यावरून जमेल तेवढा दामटला. दोन्हीकडे कांद्याची शेतं, पाटाला भरून पाणी. धान्याच्या उंच कोठाराजवळ हमरस्ता लागला. तिथून दवाखाना बारा मिनिटांवर होता. तिने वळण घेतलं आणि तो खोल खोल श्वास ऐकू येईनासा झाला.

"आई, थांब," ओरेन म्हणाला.

तिने गाडी कडेला घेतली. बाजूला वळून पाहायची गरज नव्हती, पण तिने पाहिलं. हात लावला, पापण्या बघितल्या. सुईणीचा हात होता, त्याला कळलं. तरी ती पुन्हा गाडी सुरू करायला गेली, तेव्हा ओरेनने चावीवर हात ठेवला.

मालमोटारी बाजूने घोंगावत जात होत्या. ओरेनच्या मांडीवर एडा होती, आणि त्याच्या कोपरांवर सकाळचं गाईचं रक्त वाळून तसंच होतं.

"मी तिला बाहेर काढली म्हणून गेली ना?" तो म्हणाला. "हॉलिसबंधू म्हणाले तसं?"

"नाही रे बाळा. नाही. आपण उशीर केला म्हणून गेली."

बराच वेळ तो पोरीचे केस कानामागे सारत राहिला. वर्लीनला पुढचा प्रश्न काय येणार ते माहीत होतं. पाच वर्षं ती या प्रश्नापासून पळत होती, राजधानीपर्यंत पळाली होती. रूथचं रक्त थांबत नव्हतं ती सकाळ, भिजलेली पाचवी चादर, खिडकीतून दिसणारा हाच पिकअप.

"आई, रूथ वाचली असती?"

ती अजूनही नाही म्हणू शकली असती. ओरेनने विश्वास ठेवला असता, त्याला तेच हवं होतं.

"वाचली असती," वर्लीन म्हणाली. "मला तेव्हाच माहीत होतं."