नवरदेवाच्या गाडीचा हार

मी एक जुनी गाडी आहे. किती जुनी ते विचारू नका. माझ्या वयाच्या गाड्यांना लोक एकतर भंगार म्हणतात, नाहीतर वारसा, आणि दोन्ही वेळी बोनेट उघडून बघायची तसदी कुणी घेत नाही. दोन दरवाजे, दोन माणसांची जागा, डोक्यावर गुंडाळून ठेवता येणारं कापडी छप्पर, लांबलचक नाक आणि लाल रंग. पुण्याचे लोक मला क्लासिक स्पोर्ट्स कार म्हणतात. वरवंडमध्ये मला 'कुकर' म्हणतात.

मित्रांनो, जुन्या वस्तूनं आपली कहाणी सांगायला घेतली की शेवटी तिनं रडायचं असतं, असा रिवाज आहे. मी रडणार नाही. माझं जे काही पाणी गेलं ते रेडिएटरमधून गेलं, आणि ते का गेलं, तेच सांगायला बसले आहे.

माझा जन्म विलायतेतला, साठच्या दशकातला. तिथे ऊन पडलं की ती बातमी होते. ज्या कारागिरांनी मला घडवलं, त्यांनी माझ्या पोटात माणसांना ऊब देणारा हीटर मोठ्या काळजीनं बसवला आणि तोंडात एक छोटासा पितळी रेडिएटर. इंजिनाभोवती फिरून तापलेलं पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून खाली उतरतं, समोरून वारा लागतो, पाणी निवतं आणि पुन्हा इंजिनाकडे जातं. सगळी भिस्त वाऱ्यावर, आणि वारा मिळायचा तर पळायला हवं. मी पळण्यासाठीच जन्मले होते, त्यामुळे कुणाला चिंता नव्हती. एक दिवस ही गाडी वैशाखातल्या उन्हात, डीजेच्या मागे, मुंगीच्या चालीनं चालवली जाईल, हे त्या बिचाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

बोटीनं मी इकडे आले आणि दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या एका साहेबांच्या दारात उभी राहिले. साहेब मला रविवारी बाहेर काढत. तेव्हा माझी फार स्तुती झाली. पुढे साहेबांची बदली झाली, 'हिला जपा' एवढं सांगून ते गेले आणि मी मागेच राहिले. क्वार्टर्सच्या मागच्या बाजूला मी अकरा वर्षं उभी होते. ड्रायव्हरच्या सीटवर एका कोंबडीनं तीन वेळा पिलं काढली. मी तिला दोष देत नाही. त्या काळात माझा काही उपयोग करून घेणारी ती एकटीच होती.

तिथून मला हौसरावांनी उचललं. हौसराव साखर कारखान्यात फिटर होते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून त्यांनी मला वरवंडला आणलं आणि दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी देवळात न जाता ते माझ्याखाली जाऊन झोपले. शेवटी मी चालू झाले. गल्लीतली कुत्री पळाली, हौसराव हसले आणि त्यांची लेक ज्ञानेश्वरी माझ्या बोनेटला कान लावून उभी राहिली. तेव्हा ती पाच वर्षांची होती. कान लावायची सवय तिला आजही आहे.

माझं वाटोळं झालं ते सन्मानापासून.

हौसरावांच्या भावकीत एक लग्न निघालं. परण्याला, म्हणजे नवरदेव मारुतीचं दर्शन घेऊन वाजतगाजत मांडवात जातो त्या मिरवणुकीला, मला नेलं. बोनेटवर झेंडू, दरवाज्यांना आंब्याची पानं, आणि सगळ्यांत मोठा मान म्हणून पाच फुटी हार. तो कुठे घातला? बरोबर माझ्या तोंडावर. आधीच वारा नाही, त्यात नाकातोंडात झेंडू. मारुतीच्या देवळापासून शंभर पावलांवर मी उकळले. पांढरीशुभ्र वाफ वर गेली. वऱ्हाडाला वाटलं, ही डीजेवाल्याचीच काहीतरी सोय आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या लग्नात नवरदेव उतरून चालत गेला. तिसऱ्या लग्नात नवरदेवासकट मला ट्रॅक्टरनं ओढत मांडवात नेलं, आणि गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "तीन शिट्ट्या झाल्या रं, आता भात उतरवा!" त्या दिवसापासून मी कुकर.

प्रत्येक वेळी उपचाराला पोपट मिस्त्री यायचा. पोपटचं गॅरेज हायवेला आहे आणि त्याच्या वैद्यकात एकच औषध आहे. हौसरावांना तो म्हणायचा, "आप्पा, किरकोळ गळती हाय. हळद टाकू." रेडिएटर बारीकसा गळत असेल तर त्यात हळद टाकतात, ती फुगते आणि भोक बुजवते. ही युक्ती खोटी नाही. पण हळदीला भोक कुठलं आणि नळी कुठली हे कळत नाही, ती सगळंच बुजवते. त्यामुळे दर हंगामात लग्नाआधी नवरदेवाला हळद लागायची आणि मलाही लागायची. नवरदेवाची धुऊन निघायची.

तिसऱ्या शिट्टीनंतर बाळासो घरी आले. त्यांचं सोलापूर रोडला मोठं हॉटेल आहे. बसायच्या आधीच त्यांनी मुद्दा काढला.

"आप्पा, गाडी दमली. माझ्या हॉटेलापुढं चौथरा बांधलाय, फरशीबिरशी लावून. त्यावर ठिवू. इंजिन काढून टाकू, आतून लाइटिंग सोडू. लोक फोटो काढतील. गाडीचं नाव ऱ्हाईल."

चौथरा आधी बांधला होता आणि विचारायला नंतर आले होते. हौसरावांनी माझ्या बोनेटवरून हात फिरवला. तीन लग्नांत त्यांची मान खाली गेली होती. ते हो म्हणणार, हे मला दिसत होतं.

तेवढ्यात ज्ञानेश्वरी चहा घेऊन बाहेर आली. ती आता शिरूरला राहते आणि रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत इंजिनिअर आहे. मशीन का तापतं हे शोधायचं, हे तिचं काम. सुट्टीला घरी आली होती.

"इंजिन काढून?" तिनं विचारलं.

"मग काय, चौथऱ्यावर रेस करायची हाय का ताई?"

"आप्पा, गाडी दमलेली न्हाई. ती का तापती, ते कुणी बघितलंय का?"

"पोपट बघतो की," हौसराव म्हणाले.

"पोपटमामा हळद बघतो."

बाळासो हसले. मग बशीत चहा ओतत म्हणाले, "बरं, असं करू. माझ्या पुतण्याचं, सार्थकचं लग्न हाय. तळेगाव ढमढेऱ्यात, साडेबाराचा मुहूर्त. परण्याला हीच गाडी आणा. न उकळता मांडवात आली, तर चौथऱ्यावर मी सवता बसंन. उकळली, तर गाडी माझी. बोला आप्पा."

हौसरावांनी लेकीकडे पाहिलं. मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "शब्द."

आमच्याकडे चहावर दिलेला शब्द स्टँप पेपरपेक्षा पक्का असतो, कारण स्टँप पेपरला पळवाट असते.

दुसऱ्याच सकाळी तिनं माझा रेडिएटर उतरवला आणि उलटा केला. आधी गंजाचं तांबडं पाणी आलं. मग घट्ट, पिवळा गोळा आला. मग आणखी एक. पोपटला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. हौसराव, पोपट आणि ती, तिघंही वाकून त्या ढिगाकडे बघत राहिले.

"मीठ तेवढं कमी हाय," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"पर गळती थांबली होती का न्हाई?" पोपटनं आवाज चढवला.

"थांबली होती की मामा. पाणी फिरायचंबी थांबलं होतं."

मग काम सुरू झालं. माझ्या रेडिएटरची वरची आणि खालची पितळी टाकी तिनं ठेवली, कारण तो माझा चेहरा आहे. मधली जाळी मात्र शिरूरच्या कारागिराकडून नवी भरून आणली. पूर्वीपेक्षा जाड, जास्त नळ्यांची. रेडिएटरच्या मागे विजेवरचा पंखा बसवला. पाणी ठरावीक तापलं की तो आपोआप फिरतो; मी पळत असो की उभी असो, वारा ओढून घेतो. माझा जुना डायनॅमो हळू चालताना वीज तयार करायचं सोडून डुलक्या काढायचा, म्हणून त्याच्या जागी अल्टरनेटर आला. जादा पाणी रस्त्यावर सांडू नये म्हणून एक बाटली जोडली. रेडिएटरमध्ये घालायचं बोअरचं खारं पाणी बंद झालं. हौसराव रोज येऊन म्हणायचे, "एवढं करायची गरज हाय का?" आणि रोज न सांगता हातात पान्हा घ्यायचे.

याच काळात पुण्याहून जुन्या गाड्यांचे एक शौकीन गृहस्थ मला बघायला आले. पंखा पाहून त्यांचा चेहरा पडला. "अरेरे, हिची ओरिजिनॅलिटी गेली हो!"

"काका," ज्ञानेश्वरी म्हणाली, "तुमचा चष्मा ओरिजिनल आहे का?"

गृहस्थ चहा न घेता गेले. मित्रांनो, माझ्या मूळ रूपात उकळणं हाही एक गुण होता. तो गेल्याचं मला दुःख नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी सातला आम्ही निघालो. चौफुला, भीमेवरचा पूल, न्हावरे. ज्ञानेश्वरी चालवत होती, हौसराव शेजारी. तापमानाचा काटा मधोमध, शाळेतल्या पहिल्या बाकावरच्या मुलासारखा शांत. मला पळून किती वर्षं झाली होती! तळेगावात शिरले तेव्हा मी आनंदानं फाट-फाट आवाज काढला. तो दोष नाही, स्वभाव आहे.

मारुतीपाशी बाळासो हार घेऊन उभे होते. हार कसला, झेंडू आणि शेवंतीचा अजगर होता. दोन माणसांनी उचलला, आठ किलो तरी असेल, आणि रिवाजाप्रमाणे माझ्या तोंडावर बांधला. ज्ञानेश्वरीनं सगळ्या चाचण्या केल्या होत्या. घरासमोर मला दीड तास उभी चालू ठेवली होती, भर दुपारी. पण कंपनीत कुठल्याही मशीनला हार घालून चाचणी करत नाहीत. ती चूक तिची, मी मान्य करते.

परण्या निघाला. मागे गुंडाळलेल्या छपरावर नवरदेव सार्थक, पुढे नाचणारी पोरं, त्यांच्यापुढे डीजे. हौसराव माझ्या दारावर हात ठेवून चालत होते. पाणी तापलं, पंखा फिरू लागला, आणि त्यानं वारा ओढायच्या ऐवजी हार ओढला. झेंडू न् झेंडू जाळीला चिकटला. काटा हलला. त्यातच चौकात मिरवणूक थांबली, कारण एक माजी पदाधिकारी भेटले आणि त्यांचा सत्कार राहिला होता. मग आजी पदाधिकाऱ्यांचा. काटा लाल खुणेच्या जवळ आला. पोपट गर्दीतून वाट काढत आला. त्याच्या मुठीत कागदाची पुडी होती.

"ताई, टाकू का थोडी?"

"मामा, बाजूला व्हा!" म्हणत ज्ञानेश्वरी उतरली आणि हाराच्या गाठीला हात घातला.

एकदम गलका झाला. "हां हां हां! नवरदेवाच्या गाडीचा हार उतरवायचा न्हाई! अपशकुन हाय!" चार म्हातारे पुढे झाले. डीजे बंद पडला. बाळासो नुसते घड्याळ बघत होते आणि अधूनमधून माझ्या बोनेटकडे.

"काका, काढू द्या की," वरून सार्थक कळवळला. "मला चालायला लावू नका. मोजडी चावतीय."

नवरदेवाचं त्या दिवशी कोण ऐकतं?

आणि मग हौसराव पुढे आले. ज्या माणसानं तीन लग्नांत मान खाली घातली, त्यानं डीजेवाल्याच्या हातातून माइक घेतला. घसा खाकरून म्हणाले, "मंडळी, हार आमी उतरवत न्हाई. हार पुढं देतोय. ज्यांनी ह्या गाडीला परण्याचा मान दिला, त्या बाळासोंचा सत्कार ऱ्हायलाय. ज्ञानू, आण."

चौक टाळ्यांनी दणाणला. मित्रांनो, आमच्या तालुक्यात माणूस काहीही नाकारेल, चारचौघांत सत्कार नाकारणार नाही. बाळासो "अहो, कशाला, कशाला" म्हणेपर्यंत त्यांचे हात सवयीनं जोडले गेले होते आणि मान वाकली होती. दोघांनी उचलून हार त्यांच्या गळ्यात घातला. तो घोट्यापर्यंत आला. सत्कारमूर्तीनं मिरवणुकीच्या पुढे चालायचं असतं, असंही कुणीतरी सांगितलं. बहुतेक ज्ञानेश्वरीनंच.

माझं तोंड मोकळं झालं. पंख्यानं पहिला घोट वारा ओढला, मग दुसरा. नव्या जाळीतून पाणी सळसळत उतरलं. काटा थांबला, विचार करू लागला, आणि मागे फिरला. बारा वाजून वीस मिनिटांनी मी मांडवाच्या दारात उभी राहिले, थेंबही न सांडता. माझ्या पुढे बाळासो उभे होते. आठ किलो फुलांखाली, भर उन्हात, डोक्यापासून पायापर्यंत घामानं निथळत. माझी हार व्हायची होती, तिच्याऐवजी त्यांच्या गळ्यात हार पडला.

"काय बाळासो," हौसराव म्हणाले, "उकळलं का काय कुणी?"

पोपटनं मुठीतली पुडी एकदा माझ्याकडे आणि एकदा ज्ञानेश्वरीकडे बघून नीट मिटली आणि आचाऱ्याला नेऊन दिली. त्या दिवशी भाजीला रंग चांगला आला होता म्हणतात.

चौथरा अजून आहे. बाळासो शब्दाला पक्के निघाले. संध्याकाळी ते त्याच्यावर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसतात, आणि खरं सांगायचं तर गिऱ्हाईक वाढलं आहे. मी समोरून गेले की ते हात वर करतात. मी हॉर्न वाजवते. थांबत नाही.

आता रिवाजाप्रमाणे विनंती करायची वेळ आली. मला जपा, असं मी म्हणणार नाही. जपतो जपतो म्हणत मला अकरा वर्षं कोंबडीखाली ठेवलं होतं. दमली दमली म्हणत चौथऱ्यावर चढवणार होते. घरात कुणी तापत असेल, मग ती गाडी असो की माणूस, तर आधी झाकण उघडून आत काय साचलंय ते बघा, आणि ते बघेपर्यंत हळद ताटातच ठेवा. माझ्यापुरतं सांगायचं तर या हंगामात माझी सात लग्नं ठरली आहेत. ज्ञानेश्वरीनं माझ्या जाळीवर एक छोटी पाटी अडकवली आहे. हौसरावांनी ती स्वतःच्या हातानं रंगवली. तिच्यावर लिहिलं आहे: 'हार डिकीवर घालावा.'