पाळीचा निरोप

पुसदच्या त्या छोट्याशा सॉफ्टवेअर ऑफिसात आलं की पायल आधी भिंतीवरच्या स्क्रीनकडे बघायची. सर्व्हर ठरलेल्या वेळी आपणहून जी कामं करतो, ती सगळी तिथं दिसत. झालेल्या कामापुढे हिरवी खूण, अडकलेल्यापुढे लाल. त्यातलं एक काम पायलनंच लिहिलेलं होतं. उद्या कालव्याचं पाणी कोणाच्या शेतात जाणार, याचा मेसेज दर संध्याकाळी शेतकऱ्यांना जायचा. फुलसावंगीच्या वाटेवर तिचं गाव, आणि तिथल्याच पाणीवापर संस्थेसाठी ते बनवलेलं.

जानेवारीतल्या त्या सकाळी सगळं हिरवं होतं. ती चहा घेत होती, तेवढ्यात गावाजवळच्या तांड्यावरून हंसाबाईंचा फोन आला.

"पायल, आज पाणी कोनाचं हाय व? मोबाईलवर तं काहीच नाई."

"गेला असंल काकी मेसेज. इथं तं झालं दाखवून राह्यलं."

"पोरीकडून बी पाहून घेतलं. नाई आला. अन् थो शेजारच्या वावरातला धरमसिंग म्हनते पाळी माही. पाटाचं दार उघडून बसला."

पायल उठून स्क्रीनजवळ गेली. हिरवी खूण होती, पण तिच्या शेजारी बारीक अक्षरात तारीख होती परवाची. काल दुपारी लाईट गेली, सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला. मात्र वेळेवर कामं सुरू करून देणारा प्रोग्राम तेवढा उठलाच नव्हता. काम फसलं असतं तर लाल दिसलं असतं. ते सुरूच झालं नाही, त्यामुळे जुनी हिरवी खूण तशीच राहिली.

तिनं संजय सरांना बोलावलं. ऑफिस त्यांचंच.

"मग लाल का नाही दाखवलं?" त्यांनी विचारलं.

"लाल व्हायला आधी चालायला तर पाहिजे, सर."

सरांनी वाकून ती तारीख वाचली. "आधी मेसेज पाठव," म्हणाले.

तिनं पाठवले. पण हंसाबाईंचा फोन पुन्हा आला. मेसेज मिळाला होता, धरमसिंग मात्र मानायला तयार नव्हता. पाणी सुरू झाल्यावर आलेला मेसेज कसला, असं त्याचं म्हणणं. पायलनं सरांना सांगून स्कूटी काढली.

वाटेत दोन्ही बाजूंना गहू, हरभरा. थंड वाऱ्यात ओल्या मातीचा वास होता, आणि त्या वासानं तिला सायकलचा दांडा आठवला. तिचे वडील डोमाजी या कालव्यावर पाटकरी होते, पाणी वाटून देणारे. शाळा सुटली की ते तिला सायकलच्या दांड्यावर बसवून पाटावरून न्यायचे. प्रत्येक शेताच्या धुऱ्यावर, बांधावर ती घंटी वाजवायची, अन् ते हाक द्यायचे, "उद्या तुमची पाळी, दार उघडजा." कोणी तिच्या फ्रॉकच्या ओच्यात हरभऱ्याचे घाटे टाकायचं, कोणी बोरं. बोटं गारठून जायची, पण घरी जाऊ नये असं वाटायचं. कोणाच्या शेतानंतर कोणाचं शेत, हे ती त्या फेऱ्यांमध्येच शिकली. पुढे प्रोग्राम लिहिताना तिला ते कोणाला विचारावं लागलं नाही. मेसेज सुरू झाले आणि डोमाजींची फेरी थांबली. ते काही बोलले नव्हते.

ती घरी पोचली तेव्हा डोमाजी अंगणात खाटेची दोरी ताणत होते. तिनं झालेलं सगळं सांगितलं.

"चाला बाबा, बसा मांगं."

"मी कायले? तू सांग जाऊन."

"माहं कोन ऐकते तिथं?"

माय आतून म्हणाली, "जा ना. पोरगी बलावून राह्यली तं." डोमाजींनी दुपट्टा खांद्यावर टाकला आणि स्कूटीवर मागे बसले.

पाटाच्या दारावर धरमसिंग बसलेला. हंसाबाई समोर उभ्या, पदर कमरेला खोचून. पायलच आधी बोलली. "काका, चूक आमची हाय. काल मेसेज गेलाच नाई, अन् आमच्या ध्यानात बी आलं नाई."

"माहा गहू सुकून राह्यला, डोमाजी," धरमसिंग तिच्याकडे न बघता म्हणाला.

"हंसाबाईचा बी सुकते," डोमाजी त्याच्या शेजारी टेकले. "आज तिची पाळी. उद्या तुही. मी येतो उद्या, तुह्या दाराशी उभा राह्यतो."

धरमसिंग उठला आणि त्यानं स्वतःच दार खाली केलं; पाणी हंसाबाईंच्या शेताकडे वळलं.

पायल स्कूटी वळवू लागली, तसे डोमाजी म्हणाले, "घरी कायले? पुढच्याईले बी सांगा लागते."

मग ते दोघं शेवटच्या शेतापर्यंत गेले. डोमाजी खांद्यावर थाप मारत, ती थांबे. "लय दिवसानं, डोमाजी," लोक म्हणत. ते पाळी सांगत. कोणाच्या म्हशीची, कोणाच्या नातवाची चौकशी करत. आवाज पूर्वीसारखा लांब जात नव्हता, म्हणून कधी कधी पायलच हाक देई.

दुसऱ्या दिवशी तिनं नवी सोय केली. मेसेज गेले की त्या कामानं बाहेरच्या एका वेगळ्या सर्व्हरला 'झालं' असा निरोप द्यायचा. वेळेत तो आला नाही, तर तिचा आणि सरांचा फोन वाजायचा. तिनं मुद्दाम काम बंद ठेवून पाहिलं. दोन्ही फोन वाजले. सर म्हणाले, "आता बरं वाटलं."

रविवारी ती बाबांबरोबर पाटावर पायी गेली. ऊन कोवळं होतं. मोडकी चौकी, बुजलेला नाला, तोडलेल्या निंबाची जागा, ते एकेक दाखवत चालले होते.

"बाबा, मेसेज सुरू झाले तवा तुमाले वाईट वाटलं होतं?"

"वाटलं ना." ते चालतच राहिले. "सायंकाळ झाली का पाय आपोआप निंघत. मंग ध्यानात ये, आता जा लागत नाई."

"मले काहून नाई सांगतलं?"

"तू तं किती खूश होती तवा," डोमाजी म्हणाले. "तुहं काम चांगलंच होतं, पोरी. मले फक्त करमे नाई."

पायलनं त्यांच्या खांद्यावरून घसरलेला दुपट्टा नीट केला, आणि दोघं पुढच्या वळणाकडे निघाले.