पाण्याच्या नळीतली पट्टी

बुरशी ओळखण्याचं काम मी नऊ वर्षं करतेय. नमुन्यातला कणभर डीएनए यंत्रात घालायचा, त्याच्या कोट्यवधी प्रती होतात, आणि मग जेलच्या पारदर्शक थरावर चमकती पट्टी दिसली की बुरशी आहे. सोबत एका नळीत नुसतं पाणी ठेवायचं. तिथे काही दिसता कामा नये. दिसलं तर आपलीच काहीतरी घाण मिसळलीय, सगळं पुन्हा करायचं.

त्या दिवशी पाण्याच्या नळीतही पट्टी आली. का आली, तेही मला ठाऊक होतं. आदल्या दिवशी जुन्या प्रतींच्या नळ्या मी त्याच टेबलावर उघडल्या होत्या. पण अहवाल दुपारपर्यंत हवा होता, आणि असली नवशिकी चूक प्रयोगशाळेच्या मॅडमना सांगणं माझ्या जिवावर आलं. मी जेलच्या फोटोतला तेवढा भाग कापला आणि ‘चारही खोल्यांत हिरवी बुरशी’ असं लिहून मोकळी झाले.

नमुने मशरूमवाल्या काकांच्या चार खोल्यांतले होते; हिरवी बुरशी लागली की मशरूमचं पीक हातचं जातं. आठवड्याने त्यांचा फोन आला.

“बरं झालं, ताई, वेळेवर कळलं. चारही खोल्या रिकाम्या केल्या. सगळं जाळून टाकलं.”

फोन ठेवला. उरलेले नमुने काढले, टेबल घासलं, नवी रसायनं घेऊन पुन्हा चाचणी लावली. पाण्याची नळी कोरी. बुरशी एकाच खोलीत.

मी पुढे ठेवलेले दोन्ही फोटो, जुना न कापलेला आणि नवा, मॅडमनी पाहिले. आवाज चढवला नाही, त्याचीच जास्त लाज वाटली.

“काकांना तू सांगायचंस. मी शेजारी उभी राहीन.”

आम्ही गेलो तेव्हा काका खोल्यांतल्या रिकाम्या फळ्या धूत होते. मी एका दमात सगळं सांगितलं.

“म्हणजे तीन खोल्या चांगल्या होत्या?”

“हो, काका.”

ते पुन्हा फळी घासू लागले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“आमची ही म्हणत होती, या तीन खोल्यांना बुरशीचा वास नाही. मी तिला वेड्यात काढलं. म्हटलं, शिकलेल्या माणसांपुढे तुझं नाक काय चालवतेस? आता तिलाही तुम्हीच सांगा.”

काकू आत होत्या. त्यांना पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “चुकलंय हे तुला कधी कळलं?”

“त्याच दिवशी.”

“त्याच दिवशी,” त्या म्हणाल्या, आणि मला वर बघवेना.

दुरुस्त अहवाल मी स्वतः नेऊन दिला. सही मॅडमची होती. माझा तो अधिकार काढून घेतला होता. काकूंनी उभ्यानेच तो शेवटपर्यंत वाचला, घडी घातली आणि दार लावून घेतलं.